रियाधची उजवी बाजू

नीउ-व्हेनेप
६ एप्रिल २००५

अहो,

सुखरूप पोचले. फोनवर तुम्ही "पोचलीस? बरं" म्हणून ठेवून दिलात, म्हणून बाकीचं पत्रात. ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर पाठवतेय. बाळासाहेब नेहमीप्रमाणे वर आणून देतील. शेजारी म्हणून त्यांनी आपली जेवढी टपालं वाहिली तेवढी पोस्टमननेही वाहिली नसतील.

तुम्ही विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. श्रुती बरी आहे. आठवा भरत आलाय, पाय सुजलेत, चेहरा छान भरलाय. विमानतळावर अंबरीश आला होता. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मी जावयाला आत्ता पाहिलं. नमस्काराला वाकला तर त्याचा चष्मा माझ्या चपलेवर पडला. घटस्फोट झालेला आणि एका मुलीचा बाप, एवढं बोलून तुम्ही त्याला निकालात काढलंत आणि लग्नाला गेला नाहीत. मीही गेले नाही, कारण तुमच्या सहीशिवाय मला रियाधमधून बाहेर पडता येत नाही. या वेळी सही केलीत. का केलीत ते सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही, म्हटलं विचार बदलायचा.

आता धक्के सांगते. पहिला धक्का घरात शिरायच्या आधीच. इथे रस्त्यालगत सगळी एकाला एक चिकटलेली घरं, आणि प्रत्येकाला बैठकीची ही एवढी काच. पडदा नाही! माणसं आत जेवतायत, भांडतायत, पाय पसरून टीव्ही बघतायत, आणि रस्त्यावरून सगळं दिसतंय. आपल्या खिडकीला तुम्ही चांदीचा कागद चिकटवलात, वर पडदा, वर बाहेर कंपाउंडची दोन पुरुष उंच भिंत. मी त्या रात्री सोफ्यावर बसले तर पदर सारखा नीट करत होते. समोरच्या घरातल्या बाईने हात हलवला. मी दचकून दिवाच बंद केला. श्रुती हसून हसून कोलमडली. "आई, तिने फक्त हॅलो केलं गं."

दुसरा धक्का माडीवर. जिना म्हणजे शिडीच. वर श्रुतीच्या खोलीत पलंगाच्या चारी पायांखाली लाकडाचे ठोकळे.

"हे काय? वाळवी लागलीय का?" मी विचारलं.

"सुईणीची कमर दुखू नये म्हणून पलंग उंच करून ठेवायचा असतो. इथला नियमच आहे."

"सुईण इथे कशाला येईल?"

"आई, बाळ इथेच होणार. या पलंगावर."

मी त्याच पलंगावर बसले, पण पाय जमिनीला टेकेनात. अहो, या डच लोकांच्या देशात विमानं दर मिनिटाला डोक्यावरून जातायत, अंबरीश कसल्या कसल्या चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आइंडहोवनला जातो, आणि बाळंतपण घरी! रियाधला आपल्याकडे शिंक आली तरी काचेच्या हॉस्पिटलात नेऊन तीन इंजेक्शनं देतात. इथे डॉक्टरकडे गेलं की म्हणे पॅरासिटमॉल घ्या आणि फिरून या. मी श्रुतीला म्हटलं, तुझे बाबा असते तर हे चालू दिलं नसतं. ती म्हणाली, "बाबा नाहीयेत ना."



गोळ्या वेळेवर घ्या. दह्याचं विरजण बाळासाहेबांच्या फ्रिजमध्ये ठेवलंय.

शामला


१९ एप्रिल

अहो,

आज जे झालं ते लिहू की नको, असं दुपारपासून चाललंय. लिहितेच.

अंबरीशची मुलगी ईशानी नऊ वर्षांची आहे. अर्धा आठवडा इथे, अर्धा तिच्या आईकडे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. मी तिला "केस विंचरून देऊ का?" विचारते, ती काहीतरी घशातून बोलते आणि पाठ करून बसते, म्हणजे हो. एक गंमत सांगते. या भाषेतला 'ख' अगदी अरबीसारखा आहे, खाकरल्यासारखा. अंबरीशला इतक्या वर्षांत जमला नाही, मला पहिल्या दिवशी जमला. बावीस वर्षं वरच्या मजल्यावरची उम्म हानी ओरडताना ऐकलीय, त्याचा हा उपयोग.

तर आज बेल वाजली. दारात रेनकोट घातलेली एक आपलीच बाई, हातात स्टीलचा डबा.

"नमस्कार काकू. मी सुनेत्रा, ईशानीची आई. डिंकाचे लाडू आणलेत. बाळंतपणानंतर लागतील, पण आत्ता एखादा खाल्लात तरी चालेल."

म्हणजे जावयाची पहिली बायको! माझ्या तोंडून "या" निघायच्या आत ती बूट काढून स्वयंपाकघरात होती. चहाचा डबा कुठे, साखर कुठे, आलं कुठे, सगळं तिला ठाऊक. तिने तीन कप चहा केला आणि एक माझ्या हातात दिला. आपल्या कहाण्यांत आवडती आणि नावडती असते. नावडती गोठ्यात राहते, आवडती महालात. इथे दोघी एका टेबलाशी बसून ईशानीच्या पोहण्याच्या वर्गाचा वार बदलत होत्या. श्रुतीच्या पाठीत कळ आली तर सुनेत्राने सहज उठून तिची कंबर चोळली. माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

ती गेल्यावर मी श्रुतीला विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?"

"सुरुवातीला वाटायचं. मग ईशानीला गोवर निघाला, तेव्हा आम्ही दोघींनी पाळ्या लावून रात्री काढल्या. त्यानंतर वाटायला वेळच झाला नाही."

सुनेत्रा लायडनला एका प्रयोगशाळेत काम करते, राहते इथून जवळच होफडॉर्पला. लाडू उत्तम होते, हेही लिहून टाकते.

ईशानी मला संध्याकाळी कालव्यापर्यंत घेऊन गेली. तुम्ही इथे असायला हवे होतात. आपण रस्त्यावरून चालतोय, बाजूला गवताचा उंच बांध, आणि बांधाच्या वर, आपल्या डोक्याच्याही वर, एक बोट चाललीय! मी किंचाळलेच. अंबरीशने मग सांगितलं, हे सगळं गाव म्हणजे जुन्या तळ्याचा तळ आहे. पाणी उपसून बाहेर टाकलं आणि तळात घरं बांधली. अजून पंप चालूच असतात, थांबले तर आम्ही बुडालो. तुम्ही जन्मभर समुद्राचं पाणी गोड करून पंपाने वाळवंटात चढवलंत, आणि इथे लोक जन्मभर पंपाने पाणी घराबाहेर काढतायत. मला वाटलं, दोन्हीकडच्या इंजिनियरांनी एकदा भेटून हिशोब मिटवून टाकावा.

अंबरीशला तुमच्या कामाबद्दल फार विचारायचं असतं. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

शामला


१ मे

अहो,

शुक्रवारी तुमचा फोन आला. पत्र मिळालं म्हणालात आणि मग जे बोललात ते मी कोणाला सांगितलेलं नाही. "ती बाई त्या घरात येते आणि तू तिच्या हातचं खातेस? लाज नाही कोणाला. पुढच्या विमानाने परत ये." मी गप्प राहिले. फोन जिन्याखाली आहे, तिथे बोललेलं घरभर ऐकू जातं. मग तुम्ही विचारलंत, "बावीस वर्षं तुला मी काय कमी केलं?"

त्याचं उत्तर देते. रागावू नका, वाचा.

तुम्ही काही कमी केलं नाहीत. पण तुम्हाला रियाध माहीत आहे तसं मला नाही. मला रियाधची फक्त उजवी बाजू माहीत आहे. तुम्ही गाडी चालवायचात, मी शेजारी उजवीकडे बसायचे आणि माझ्या खिडकीतून दिसेल ते बघायचे. जाताना एक बाजू, येताना दुसरी. डावीकडे बघितलं की तुम्ही दिसायचात. त्या शहरात मी बावीस वर्षांत एकटी एक रस्ता ओलांडला नाही.

सकाळी सात ते संध्याकाळी पाचचं रियाध तुम्हाला ठाऊक नाही. ते मी सांगते. एसीचं पाणी बादलीत टपटपतं, त्यावर माझी तुळस जगते. उम्म हानी वरून दोरीला बांधून तिची भरलेली भेंडी खाली सोडते, मी त्याच भांड्यात पुरणपोळी घालून वर पाठवते. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि कोणाची सून कशी आहे ते सगळं कळतं. धुळीचं वादळ आलं की ओले टॉवेल दारांच्या फटीत कोंबायचे. तरी संध्याकाळच्या भातात कचकच लागतेच. तुम्ही दर वेळी म्हणायचात, तांदूळ नीट निवडत नाहीस.

मजाही होती. अजान झाली की दुकानाचं शटर धाडकन खाली. एकदा आपण दोघं आत अडकलो आणि आइस्क्रीम वितळायला लागलं म्हणून तिथेच उभ्याने खाल्लं, आठवतं? बायकांनी चेहराही झाकायचा, पण त्यांचे आतले कपडे विकायला दाढीवाले पुरुष! मी मापही सांगितलं नाही कधी, पुण्याहूनच आणत राहिले. आणि हायवेच्या कडेला गालिचे अंथरून बसलेली ती कुटुंबं, शेजारून ट्रक धडधडतायत आणि हे थर्मासातून कॉफी ओततायत. एकदा आपली गाडी बंद पडली तर त्यांनी ओढून बसवलं, खजूर खायला घातले, मला त्यांच्या म्हातारीने मिठीत घेतलं. ते लोक वाईट नव्हते हो. आणि गणपती! कपाटात मूर्ती, एसी फुल करून, आपण आरती कुजबुजत म्हणायचो. लहानपणी श्रुतीला वाटायचं आरती अशीच म्हणतात. पुण्यात मावशीकडे लोक टाळ्या वाजवून ओरडायला लागले तर ती घाबरून रडली होती.

काल इथे राणीच्या वाढदिवसाची सुट्टी होती. सगळं गाव भगवं, म्हणजे नारिंगी. ईशानीने रस्त्यावर सतरंजी टाकून जुनी खेळणी विकायला मांडली आणि मला राखणीला बसवलं. मी, शामला, भर रस्त्यात, जमिनीवर, अनोळखी पुरुषांशी बाहुलीच्या भावाची घासाघीस करत होते.  मला वाटलं आता कोणीतरी येऊन विचारणार, तुमचा माणूस कुठे आहे?

पुढच्या विमानाने येणार नाही. इथला व्हिसा जुलैपर्यंत आहे, तोपर्यंत राहीन. आणि सुनेत्राच्या हातचं खाईन. तुम्हाला जे बोलायचं ते श्रुतीशी बोला. तुम्ही तिच्याशी अबोला धरलात, मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी उभी आहे, आणि आता पाय दुखतात.

शामला


१३ मे

अहो,

मुलगी झाली. मंगळवारी, दहा तारखेला, दुपारी. तुम्हाला कळलंच आहे.

सगळं उलटं झालं. दोन आठवडे आधी, सकाळी नऊलाच कळा सुरू झाल्या. अंबरीश आइंडहोवनला. फोन केला तर निघाला, पण वाटेत कुठेतरी गाड्या बंद. श्रुती पलंगाचा कठडा धरून उभी आणि मी खाली-वर धावतेय. फोन कसा करायचा, कोणाला करायचा, तिकडून कोणी डचमध्ये बोललं तर काय सांगायचं? श्रुतीच म्हणाली, "आई, सुनेत्राला लाव. दोन नंबर दाबून धर."

ती वीस मिनिटांत आली. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट तसाच. तिने सुईणीला बोलावलं, श्रुतीला धीर दिला आणि मला कामाला लावलं. मी मोठं पातेलं भरून पाणी उकळत ठेवलं. सुईण आली, चोवीस-पंचवीसची उंच पोरगी, सायकलवरून! तिने पातेल्याकडे बघितलं आणि मला विचारलं, चहा करताय का?

शेवटी सुनेत्रा पलंगावर श्रुतीच्या मागे बसली, तिला स्वतःच्या छातीशी टेकवून घेतलं. मी पाय धरले होते. बाळ आलं. गळ्याभोवती नाळ. निळसर. आणि रडेना.

अहो, मी खूप भीती बघितलीय. युद्धात रियाधवर क्षेपणास्त्रं आली तेव्हा आपण खिडक्यांना टेप लावून न्हाणीघरात बसलो होतो. पण ती शांतता वेगळी. त्या पोरीचे हात मात्र चालूच होते. नाळ सोडवली, बाळाला पालथं घेतलं, टॉवेलने पाठ घासत राहिली. श्रुती विचारतेय, "रडत का नाही? सुनेत्रा, रडत का नाही?" सुनेत्रा तिच्या कानात म्हणतेय, "रडेल. रडेल. अजून एक क्षण." मला देवाचं नावही आठवेना.

मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. मग चांगलाच मोठा.

 अंबरीश आला तेव्हा आम्ही तिघी बायका आणि ती सुईण बशीत कुरकुरीत टोस्ट घेऊन बसलो होतो, त्यावर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. मुलगी झाली की हेच वाटायचं असतं. बारसं बाराव्या दिवशी असतं, हे इथल्या नगरपालिकेला माहीत नाही. तीन दिवसांत नाव नोंदवायलाच लागतं. अंबरीश आजच जाऊन आला. नाव वृंदा. रोज एक खेर्दा नावाची नर्सबाई येते, आठ दिवस. बाळाला आंघोळ, आईला जेवण, वर आमचा संडासही घासते. मी झाडू हिसकावून घेतला तर तिने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

बाळ झाल्याचं तुम्हाला सांगायला अंबरीशने त्या दिवशी आल्या आल्या मोबाइलवर फोन केला. पहिल्यांदा तुमच्याशी बोलणार म्हणून तो आधी पाणी प्यायला. "बाबा, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत," म्हणाला. आणि तुम्ही काय म्हणालात? "बरं." आणि फोन ठेवलात.

त्याने मोबाइल कानाला तसाच धरून ठेवला होता. श्रुती विचारत होती, बाबा काय म्हणाले? तो म्हणाला, "आनंद झाला म्हणाले." तुमच्यासाठी खोटं बोलला तो पोरगा.

नुसतं "बरं"? मला तुमची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. यापुढे पत्र लिहिणार नाही.

शामला


२७ मे

अहो,

पोस्टाची वाट बघण्याइतका वेळ नाही. अंबरीश हे पत्र कॉम्प्युटरवरून बाळासाहेबांना पाठवणार आहे. बाळासाहेब, तुम्हीच वाचून दाखवणार असाल तर हळू वाचा.

सकाळी बाळासाहेबांचा फोन आला. "वहिनी, मोरेश्वररावांचे जुने रिपोर्ट कुठल्या कपाटात आहेत? डॉक्टर मागतायत."

"कुठले डॉक्टर?"

ते म्हणाले, "अरे देवा. त्यांनी मला शपथ घातली होती."

तुम्ही नऊ तारखेला पंपिंग स्टेशनवर पडलात. छातीत कळ. दहाला, इथे वृंदा होत होती तेव्हा, तुम्ही तिथे अतिदक्षता विभागात होतात. बाळासाहेब म्हणाले, नर्सने मोबाइल काढून घेतला होता, तो तुम्ही मागून घेतलात आणि तोंडावरचा मास्क बाजूला करून "बरं" म्हणालात. तेवढाच श्वास होता. फोन ठेवल्यावर बाळासाहेबांना म्हणालात, "नात झाली." आणि मला कळवू द्यायचं नाही म्हणालात, कारण श्रुतीचं दूध आटेल.

आणि मी तुम्हाला लाज वाटते असं लिहून ते पत्र पोस्टात टाकलं. ते पोचलं का? पोचलं असेल तर फाडा. नसेल तर बाळासाहेब, कृपा करून पोचू देऊ नका.

घरी गेलात, परत दुखलं, परत नेलं. आता बायपास सांगितलीय आणि तुम्ही "करीन तर पुण्यात" म्हणून अडून बसलायत. मी लगेच निघते म्हटलं तर अंबरीश तिकीट बघायला लागला आणि मला आठवलं. मला रियाधला उतरू देतील, पण विमानतळाबाहेर सोडणार नाहीत. नवरा न्यायला यावा लागतो. नवरा हॉस्पिटलात आहे म्हणून मी येतेय, आणि तो हॉस्पिटलात आहे म्हणूनच मला येता येत नाही! मी हे श्रुतीला सांगितलं तर ती आधी हसली. तिला वाटलं मी नेहमीसारखी रियाधची गंमत सांगतेय.

बाळासाहेब तुमच्या कंपनीतल्या साहेबाला भेटून काही करता येतं का बघतायत. तोपर्यंत मी इथे खोलीत फेऱ्या मारतेय. समोरची बाई काचेतून बघून आली, काही न विचारता माझ्याजवळ बसून राहिली. तिचं नावही मला माहीत नाही.

मग तिला सगळं नीट सांगितलं. तेव्हापासून ती बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलीय.

शामला


६ जून

अहो,

कालच्या फोनचं तुम्हाला तुमच्या बाजूचं माहीत आहे. फोनच्या या टोकाला काय झालं ते दिसलं नसेल, म्हणून लिहितेय. बाळासाहेब, हे पत्र छापून त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही बाहेर जाऊन चहा घ्या.

काल रविवार. मी वर वृंदाला आंघोळ घालत होते, श्रुती टॉवेल धरून उभी. अंबरीश ईशानीला घेऊन बाहेर गेलेला. सुनेत्रा खाली खिचडी लावत होती. फोन वाजला तो तिने उचलला.

पाचेक मिनिटं झाली तरी कोणाचा फोन ते कळेना, म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी आले. खाली सुनेत्रा, एका हातात डाव, तोंड उघडं, एकदम थिजलेली. मध्येच तिने "काका, ऐका, मी..." म्हटलं आणि पुन्हा गप्प झाली. ती नंतर म्हणाली, तुम्ही दरडावलंत, "मध्ये बोलू नकोस. पुन्हा धीर होणार नाही." मग ती बिचारी काय करणार?

तुम्ही तिला श्रुती समजून बोलत राहिलात, तिनेच ते मला मग सगळं सांगितलं. लग्नाच्या दिवशी सुट्टी काढून घरात बसून होतात, मुहूर्ताच्या वेळेला उठून आंघोळ करून अक्षता हातात घेतल्यात आणि मग त्या टाकायच्या कुठे ते कळलं नाही, हे. मी घरात होते हो. मला वाटलं तुम्ही देवघराचं कपाट आवरताय. मग अंबरीशबद्दल बोललात, त्याने फोनवर "बाबा" म्हटलं त्याबद्दल. आणि शेवटी म्हणालात, "ती सुनेत्रा. तिच्याबद्दल मी तुझ्या आईला फार वाईट बोललो. त्याच बाईने तुला सांभाळलं. लाज कोणाला नाही, तर मलाच नव्हती. पण पोरी, मी काय बोललो ते तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

इथे सुनेत्राला राहवलं नाही. म्हणाली, "काका, ते आलं माझ्या कानावर. आत्ताच. मी सुनेत्राच बोलतेय."

मी जिन्यात उभी होते.  आधीच तुमचं ते हृदय! तिकडून आवाजच येईना. सुनेत्रा पण घाबरली, "काका? काका?" करायला लागली. मग तुमचा आवाज आला. तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला होता म्हणून मलाही ऐकू आला.

"म्हणजे हे सगळं पुन्हा बोलावं लागणार?"

"हो काका," ती म्हणाली. "पण आता तुमचं पाठ झालंय."

आणि अहो, तुम्ही हसलात. खोकत खोकत हसलात. बावीस वर्षांत तुम्ही फोनवर हसलेले मला आठवत नाही.

मग तिने श्रुतीला हाक मारली. श्रुती खाली गेली. मी वृंदाला गुंडाळून मागे. तुम्ही बोललात तितका वेळ श्रुतीने फक्त "हं" केलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. तुमचं संपलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाबा, जेवलात का?" तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुमचं तुम्हाला माहीत. तिने वळून मला सांगितलं, "हॉस्पिटलची डाळ अळणी आहे म्हणतात." मग तिने रिसीव्हर वृंदाच्या कानाशी धरला. तिने उचकी दिली. ती तुमच्यासाठीच होती असं समजा.

सुनेत्रा तेव्हा परसात जाऊन उभी राहिली होती. मी तिच्यामागे गेले आणि म्हटलं, "ते जे बोलले होते ना, ते मी तुला कधी सांगितलं नसतं." ती म्हणाली, "काकू, माझे स्वतःचे वडील घटस्फोटानंतर मला याहून वाईट बोललेत. त्यांनी कधी फोन केला नाही. हा पहिला आला, तो चुकून आला. मी काय म्हणून ठेवून देऊ?" आत खिचडी करपली. आम्ही सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

आता कामाचं. तुमच्याऐवजी मला विमानतळावरून नेता यावं म्हणून बाळासाहेबांनी कंपनीकडून पत्र मिळवलंय. तुम्ही त्यावर पलंगावरूनच सही केलीत असं कळलं. गुरुवारी दुपारी पोचतेय, तिथे सुट्टी असते म्हणून बाळासाहेब स्वतः विमानतळावर येतील. डॉक्टर म्हणालेत की आठवडाभराने विमानप्रवास चालेल. पुण्यात मावशीने हॉस्पिटलात बोलून ठेवलंय. श्रुती वृंदाचा पासपोर्ट झाला की तिला घेऊन येईल. अंबरीशही येणार म्हणतो, ईशानीची सुट्टी लागली की. सुनेत्राने तिला पाठवायचं कबूल केलंय.

रियाधच्या घराचं काय, नोकरीचं काय, हे तुम्ही विचाराल. पुण्याहून परत रियाधला मी येणार नाही. ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे समोर आल्यावर भांडण नको. तुम्ही काय करायचं ते बरे झाल्यावर ठरवा. मला वाटतं तुम्ही ठरवलंय. नाहीतर इतक्या लवकर सही केली नसतीत.

विमानतळावरच्या त्या अधिकाऱ्याच्या लेखी बाळासाहेब मला घ्यायला येणार आहेत. तो लिहील ते लिहू दे. तुम्हाला घ्यायला मी येतेय. सामान मी भरीन, तुम्ही कशाला हात लावू नका. फक्त दाढी करवून घ्या. श्रुतीला तुमचा फोटो पाठवायचाय.

शामला